गाजराचं क्षेपणास्त्र: रस्त्यावर शांततेचा देखावा पहिल्यांदा उभारणाऱ्यांसाठी

"हे काय आहे?" हवालदारांनी काठीचं टोक कापडाला लावून विचारलं.

"गाजर आहे, साहेब."

"मग गाजराला पंख कशाला?"

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पटांगणात तेव्हा चौदा फुटी गाजर आडवं पडलं होतं. टोक पुढे, हिरवा पाला मागे, कडेला पुठ्ठ्याचे चार पंख आणि खाली लाल अक्षरांत पाटी: "वाजलं तर वाजलं, नाहीतर कोशिंबीर." साहेबांनी पाटी वाचली. आधी काहीच झालं नाही. मग मिशीखाली काहीतरी हललं आणि त्यांनी गाडीत बसलेल्या दुसऱ्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, क्षेपणास्त्र बघ!"

त्या हाकेसाठी हा सगळा खटाटोप. बघणाऱ्याने दुसऱ्याला बोलावलं की देखावा लागू पडला असं समजायचं. गाजराची पुंगी वाजली नाही तर निदान मोडून खाता येते; क्षेपणास्त्र वाजलं तरी पंचाईत आणि नाही वाजलं तरी ते खाता येत नाही. हे आम्ही कुठेही लिहिलं नव्हतं. लोक जिन्यात एकमेकांना ते आपणहून सांगत होते.

गेली काही वर्षं मंडळातली आम्ही चार-पाच टाळकी असले उद्योग करतो. कॉलेजातली पोरं, शेजारच्या वाडीतले कार्यकर्ते अधूनमधून विचारतात, "आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: हसायचं कोणाला?

याचं उत्तर मिळेपर्यंत बांबूला हात लावू नका. आमची पहिली चूक इथेच झाली. पहिल्या वर्षी आम्ही एक बुजगावणं केलं. अंगात लष्करी छापाचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट म्हणून पातेलं. आम्हाला फार गंमत वाटत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, त्यांनी बघितलं आणि एक शब्द न बोलता वर गेल्या. त्यांचा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला. त्या आठवड्यात त्यांच्या घरून चहा आला नाही, आणि आमच्या चाळीत चहा न येणं म्हणजे काय ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल.

चौथ्या दिवशी शर्ट उतरवला. बुजगावण्याला टाय बांधला, हातात सूटकेस दिली आणि गळ्यात पाटी अडकवली: "एका बाँबवर एक फ्री. स्टॉक संपेपर्यंत." काकू पुन्हा खाली आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता कसं!"

यातून आमचा एकच नियम तयार झाला: हसायचं ते शस्त्राला, शस्त्राच्या दुकानदाराला आणि हिशेबाला. गणवेशातल्या माणसाला कधीच नाही. साताऱ्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. तिथे घराघरांतून माणूस सैन्यात गेलेला. तिथली पोरं, नातवंडं आज मुंबईतच नोकरी करतात आणि तुमच्या देखाव्यासमोरून रोज जातात. शिवाय यात कायद्याचीही भानगड आहे. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून गणवेश किंवा तसलं चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. बाहुल्याच्या अंगातला शर्ट त्यात बसतो की नाही, हा वाद पोलीस ठाण्यात घालायची हौस असेल तर घाला. आम्ही तो छापाचा कपडाच वापरणं सोडून दिलं. राष्ट्रध्वज आणि अशोकस्तंभाची राजमुद्रा यांच्याही वाटेला जायचं नाही. दोन्हींसाठी स्वतंत्र कायदे आहेत.

दुसरं पथ्य मुंबईचं. या शहराने १९९३, २००६ आणि २६/११ पाहिलंय. बेवारस बॅग, तारा लोंबणारा डबा, कुकर, खऱ्यासारखी दिसणारी बंदूक या वस्तू इथे विनोदाच्या कप्प्यात राहिलेल्याच नाहीत. तुमची वस्तू शंभर फुटांवरून खोटी दिसली पाहिजे. म्हणून ती मोठी करा, भडक करा, भाजी करा. खऱ्याच्या जवळ जाणारी कारागिरी इथे उपयोगाची नाही; ज्यांचा हात फार सफाईदार आहे त्यांना आम्ही फक्त पाटी रंगवायला देतो.

आणि वेळ. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या डोंबिवलीची माणसं होती. मे महिन्यात मुंबईत भोंगे वाजवून नागरी संरक्षणाचा सराव झाला. आमचं एक काम तेव्हा अर्धं तयार होतं. ताडपत्री टाकून ठेवून दिलं. कोणी भित्रे म्हणालं, म्हणू दे. लोक सुतकात असताना दारात सोंग नाचवायचं नसतं. शांततेचं बोलायला तेव्हाही हवंच, पण ते मेणबत्ती लावून, बसून. गाजर घेऊन नाही.

दुसरी पायरी: वस्तू शोधणं

नवख्यांचा सगळा जोर पाटीवर असतो. "युद्ध नको, बुद्ध हवा" लिहिलं की झालं, असं वाटतं. लोक ते वाचून पुढे जातात, कारण हजारदा वाचलेलं असतं. एक वस्तू अशी हवी की तिला बघून माणूस थबकेल आणि म्हणेल, "हे इथे काय करतंय?"

बाहेरच्या जगात हे कसं झालं ते थोडं बघून घ्या, नक्कल करण्यासाठी नव्हे, युक्ती समजण्यासाठी. प्राग शहरात सोव्हिएत रणगाडा स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभा होता. १९९१ मध्ये डेव्हिड चेर्नी या कलेच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी तो रातोरात गुलाबी रंगवला. चेर्नीला अटक झाली, सैन्याने रणगाडा परत हिरवा केला. मग निषेध म्हणून काही खासदारच ब्रश घेऊन आले आणि त्यांनी तो पुन्हा गुलाबी केला! आता तो रणगाडा चौकात नाही, संग्रहालयात आहे. कोपनहेगनमध्ये २००६ साली मारियान यॉर्गेनसेन या कलावतीने एका जुन्या रणगाड्याला गुलाबी लोकरीची गोधडीच घातली. इराक युद्धातल्या डेन्मार्कच्या सहभागाचा तो निषेध होता. देशोदेशींच्या लोकांनी विणून पाठवलेले चार हजारांवर चौकोन त्यात जोडलेले होते. मला यातली दुसरी जास्त आवडते. रंग एका रात्रीत एका टोळक्याने मारला, पण गोधडीत हजारो हात गुंतले, आणि ज्याने एक चौकोन विणला तो त्या रणगाड्याचा भागीदार झाला. आपल्या चाळींत गोधड्या शिवणाऱ्या आज्या अजून आहेत. विचार करा.

अमेरिकेत येल विद्यापीठात १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, क्लेस ओल्डनबर्गने रणगाड्याच्या पट्ट्यांवर भलीमोठी लिपस्टिक उभी केली. तिचं टोक आधी मऊ होतं, हवा भरून ताठ करायचं. ते सारखं मान टाकायचं. पुढे १९७४ मध्ये सगळं धातूत नव्याने करावं लागलं. मला विचाराल तर मान टाकणारीच जास्त बोलकी होती, पण साहित्य निवडताना हवेवर विसंबू नये हाही धडा घ्याच.

आता आपल्याकडे. फोर्टातला काळा घोडा चौक बघा. घोड्यावर बसलेल्या ब्रिटिश राजाचा, सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, आणि २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला तो स्वाराशिवाय. राजा उतरला, घोडा राहिला. कोणी विनोद म्हणून केलं नाही, पण मी नव्या पोरांना आधी तिथेच नेतो. दुसरं ठिकाण नौदल गोदीच्या लायन गेटसमोर, 'विक्रांत'चं स्मारक. १९७१ च्या युद्धात लढलेली ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी बंदरात भंगारात तुटली. तिच्या लोखंडातून स्मारक झालं आणि तिचंच पोलाद वापरून बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. ज्या नौकेवरून लढाऊ विमानं उडायची ती आता सायनच्या सिग्नलला लाल दिवा बघून थांबते. युद्धसामग्रीचं पुढे काय होऊ शकतं, हे याहून सोपं करून कोण सांगणार?

शिवाय होळी आहे. वरळीच्या चाळीत २०२० मध्ये कोरोनासुराची होळी झाली, ते आठवत असेल. भल्यामोठ्या सोंगाला जाळून हसत घरी जाणं ही आपल्या रक्तातली गोष्ट आहे. देखावा हा शब्द तर आपण गणपतीच्या मंडपातूनच ऐकत आलोय. तेव्हा "इन्स्टॉलेशन म्हणजे काय ते आम्हाला जमेल का?" असं विचारणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याला माझं उत्तर असतं: बाबा, तू दहावीपासून तेच करतोयस.

कल्पना सुचत नसेल तर असं करा. वहीच्या एका बाजूला युद्धाच्या दहा वस्तू लिहा, दुसऱ्या बाजूला आपल्या रोजच्या दहा. मग आडव्यातिडव्या जोड्या लावा. रणगाडा आणि उसाचा गाडा. पाणबुडी आणि पावसात तुंबणारा मिलन सबवे. रडार आणि पापड वाळवायची चाळणी. दहातल्या आठ जोड्या फुकट जातील. आमच्या वहीतून टिकलेल्या दोन सांगतो, हव्या तर उचला.

एक, वाढदिवसाचा फ्लेक्स. "आमचे लाडके, तडफदार, लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" मध्ये गॉगल घातलेलं क्षेपणास्त्र, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत काडतूस, सुरुंग आणि हातबाँब, प्रत्येकाच्या कपाळाला टिळा. हा चाळीच्या आतल्या भिंतीलाच लावायचा. रस्त्यावर परवानगीशिवाय लावलात तर मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे आणि पालिकेची गाडी आहे.

दोन, स्टेशनचा इंडिकेटर. अमेरिकेतल्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ पासून एक प्रतीकात्मक घड्याळ चालवलंय. मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. सुरुवातीला त्यात सात मिनिटं उरली होती. जानेवारी २०२५ मध्ये ते ८९ सेकंदांवर आणलं. आम्ही काळ्या पुठ्ठ्यावर पिवळी अक्षरं कापून इंडिकेटर केला: "जगबुडी, फास्ट, १२ डबे." खाली "८९ सेकंद" आणि त्याखाली "मधल्या कोणत्याही स्थानकावर थांबणार नाही". दादरला बाई-माणसं चढून-उतरून गाडी सुटते तोवर अर्धं मिनिटही होत नाही, त्यामुळे ८९ सेकंद म्हणजे किती हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. (आकडा दरवर्षी बदलू शकतो. सेकंदांचा पुठ्ठा वेगळा ठेवा.)

तिसरी पायरी: हिशेब, आणि तो चोख

बेन कोहेन हा अमेरिकेतला आइस्क्रीमवाला. त्याने अमेरिकेचं संरक्षण अंदाजपत्रक ओरिओ बिस्किटांनी समजावलं: एक बिस्किट म्हणजे १० अब्ज डॉलर, मग संरक्षणाची चळत आणि शाळांची चळत शेजारी-शेजारी. युक्ती एकदम सोपी. आम्ही बिस्किटाच्या जागी वडापाव घेतला. एक वडापाव म्हणजे दहा हजार कोटी रुपये.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी. म्हणजे ६८ वडापाव. शिक्षण मंत्रालय सुमारे १ लाख २८ हजार कोटी, १३ वडापाव. आरोग्य मंत्रालय जवळपास १ लाख कोटी, १० वडापाव.

इथे थांबून टाळ्या घेता येतात. पण घेऊ नका, कारण तुमच्या समोर उभा असलेला बँकेतला निवृत्त माणूस तुम्हाला सोडणार नाही. तो म्हणेल, आरोग्य आणि शाळा यांचा मोठा खर्च राज्य सरकारं आणि पालिका करतात, तो कुठाय? बरोबर म्हणेल. पुढे म्हणेल, त्या ६८ मध्ये पेन्शन किती? तेही बरोबर. सुमारे १ लाख ६० हजार कोटी, म्हणजे १६ वडापाव निव्वळ निवृत्तिवेतनाचे आहेत. ते काकूंच्या भावाच्या ताटातले. त्यांना हात लावायचा नाही. पगार, शिधा, देखभाल हे सगळंही त्या ६८ मध्येच. नवी विमानं, जहाजं, शस्त्रं आणि इतर भांडवली खरेदी साधारण १ लाख ८० हजार कोटींची, म्हणजे १८ वडापाव.

म्हणून आम्ही ६८ ची एकच चळत केली नाही. वेगवेगळ्या रंगांच्या कागदात गुंडाळून रांगा लावल्या आणि पेन्शनच्या रांगेवर लिहिलं: "हे आजोबांचे. विचारल्याशिवाय खाऊ नये." अठरांच्या रांगेपुढे मात्र एक रिकामी पत्रावळ ठेवली आणि विचारलं, "यातला एक उचलून कुठे ठेवाल?" शेजारी टोपल्या: शाळा, दवाखाना, लोकल, आणि "आहे तिथेच राहू दे" अशीही एक. ही चौथी टोपली नसेल तर तुमचा देखावा म्हणजे प्रचार. ती असली की भांडायला आलेला माणूसही वडापाव हातात घेऊन उभा राहतो.

खरे वडापाव वापरायचे नाहीत. पहिल्या तासात कावळे, दुसऱ्या तासात वास. आम्ही जुन्या चादरींचे तुकडे शिवून आत चिंध्या भरल्या. मिरचीला हिरवी नाडी.

जगाचा आकडा हवाच असेल तर तोही आहे: स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर झाला, आदल्या वर्षीपेक्षा ९.४ टक्क्यांनी जास्त, आणि खर्च करणाऱ्यांत भारत पाचवा. पण एवढा मोठा आकडा माणसाच्या डोक्यावरून जातो. आम्ही तो पाटीवर घेत नाही, कोणी विचारलं तर सांगायला खिशात ठेवतो. आणि दर १ फेब्रुवारीला, नवा अर्थसंकल्प आला की, सगळे आकडे बदलायचे. शिळ्या आकड्यावर पकडले गेलात तर पुढचा देखावा कोणी बघत नाही.

चौथी पायरी: जागा आणि परवानगी

सर्वांत सोपी जागा म्हणजे स्वतःचं अंगण. चाळ किंवा सोसायटी असेल तर सेक्रेटरींचं लेखी पत्र घ्या, तोंडी नको, सेक्रेटरी बदलतात. स्थानिक पोलीस ठाण्यात एक माहितीचं पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. अंगणातल्या कामाला याची सक्ती असेलच असं नाही, पण ज्या दिवशी कोणीतरी फोन करून "इथे बाँब आहे" म्हणेल, त्या दिवशी ती पोच सोन्याच्या मोलाची. पत्रासोबत वस्तूचं चित्र जोडा. आमच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: "सदर गाजर कापडाचे असून त्यात कोणताही ज्वलनशील पदार्थ नाही."

दुसरी जागा मंडपाची. मंडळाचे पदाधिकारी तयार असतील तर गणपतीत देखावा लागतो, परवानग्या मंडळाच्याच असतात आणि गर्दी आपोआप येते. पण पोलीस देखाव्याचा विषय आधी विचारतात आणि पाटीवरचा मजकूर तपासतात. कोणत्याही जिवंत पुढाऱ्याचं तोंड त्यात आणलंत तर शांतता बाजूला राहील आणि मंडळ ठाण्याच्या फेऱ्या मारेल. देवासमोर हे बरं दिसत नाही असं म्हणणारी ज्येष्ठ मंडळीही असतात. त्यांना बाजूला सारून पुढे जाऊ नका, देखावा मंडपाबाहेरच्या कमानीत घ्या.

फुटपाथ किंवा चौक हवा असेल तर पालिकेचं विभाग कार्यालय, वाहतूक पोलीस आणि स्थानिक पोलीस ठाणं या तीन दारांशी जायचं, निदान महिनाभर आधी. फोर्ट-काळा घोडा भागात वारसा परिसराचे नियम आहेत, तिथे खिळासुद्धा विचारून ठोकायचा. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, १९९९ पासून. तिथे रस्त्यावरच मांडणशिल्पं असतात, पण निवड बरेच महिने आधी होते. निषेध म्हणून करायचं असेल तर आझाद मैदानातला राखीव भाग आहे. मी मात्र नवख्यांना तिथे पाठवत नाही. आझाद मैदानात जो येतो तो आधीच काही मागायला आलेला असतो. हसायची फुरसत कोणाला? शिवाजी पार्क शांतता क्षेत्र आहे, भोंगा-वाद्य असेल तर विसरा.

मुंबईत जमावबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. उद्घाटनाची तारीख ठरवायच्या आधी ठाण्यात विचारा. कुलाब्याकडे नौदलाच्या हद्दीजवळ काहीही करायचं नाही, फोटोही नाहीत, आणि ड्रोन उडवून वरून चित्रीकरण करण्याची कल्पना ज्याला सुचेल त्याला चहा पाजून घरी पाठवा.

तारखा: ६ ऑगस्ट हिरोशिमा दिन, २१ सप्टेंबर आंतरराष्ट्रीय शांतता दिन, २ ऑक्टोबर गांधीजयंती. पहिल्या दोन पावसात येतात. उघड्यावर करायचं असेल तर २ ऑक्टोबर पकडा, आणि तरीही ताडपत्री जवळ ठेवा.

पाचवी पायरी: बांधणी

गाजराची कृती देतो, बाकी कशालाही थोड्या फरकाने तीच लागू पडते. मधोमध पंधरा फुटी जाड बांबू, हा कणा. त्यावर दीड-दीड फुटावर बांबूच्या कामट्यांची कडी, पाल्याकडे मोठी आणि टोकाकडे लहान होत जाणारी. कडी आणि कणा सुतळीने आवळून बांधायचे. तार नको, पोरांच्या हाताला लागते. वर रद्दीचे तीन थर मैद्याच्या खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की किडे लागत नाहीत. पण ते विषारी आहे, तेव्हा मुलांना त्या कामाला बसवू नका आणि हात धुवा. प्रत्येक थर वाळायला एक दिवस. सगळे एकदम लावलेत तर आतून बुरशी येते आणि गाजर खरोखरचं भाजीच्या वासाचं होतं. थर्माकोल वापरू नका, महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीत त्याला बंदी आहे. प्लास्टर जड होतं.

वरून नारिंगी कापड. मंगलदास मार्केटमध्ये ताग्याचा उरलेला तुकडा मागा, पूर्ण ताग्याच्या भावात घेऊ नका. पाला म्हणजे हिरव्या साड्यांच्या फाडलेल्या पट्ट्या. आमच्या पाल्यात चार घरच्या साड्या आहेत आणि प्रत्येकीला आपली साडी कुठली ते अजून ओळखता येतं. ती बाई देखाव्यासमोरून जाताना पाहुण्यांना तेवढंच दाखवते, क्षेपणास्त्राचं नंतर.

पोरं वर बसणार हे धरून चाला. "हात लावू नये" ही पाटी मुंबईत कोणी वाचत नाही. आमच्या गाजरावर पहिल्या संध्याकाळी दोन पोरं घोडा-घोडा करून बसली आणि एक कडं मोडलं. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडून आधाराचे दोन घोडे (तिवया) आणून कण्याखाली दिले, टोकाला जुन्या गादीचा कापूस भरला आणि बसायला जागाच करून दिली. क्षेपणास्त्रावर बसून केळं खाणाऱ्या मुलाचा फोटो आमच्याकडे आहे. तो आम्ही ठरवून काढू शकलो नसतो.

समुद्राकडच्या वाऱ्याला कमी लेखू नका. उभी वस्तू असेल तर तळाशी वाळूच्या गोण्या, आणि मोठ्या सपाट कापडाला वारा जायला चिरा. दिवे लावायचे तर बॅटरीवरचे. वाहतुकीला छोटा हत्ती टेम्पो सांगा, आणि वस्तू तीन तुकड्यांत नेऊन जागेवर जोडा. पंख लावलेलं काहीही घेऊन सीएसएमटीच्या तपासणीतून जाऊ नका. आमच्यातला एकजण इंडिकेटर घेऊन गेला होता, त्यालाही पाऊण तास बसवलं होतं.

पाटी शेवटी लिहा. सात-आठ शब्द, बेस्टच्या खिडकीतून वाचता येतील एवढे. पहिल्या मसुद्यात तुम्ही नक्की सुविचार लिहाल. तो खोडा. मग विनोद समजावणारं वाक्य लिहाल. तेही खोडा.

सहावी पायरी: शेजारी उभं राहणं

देखावा लावून घरी जायचं नसतं, पण त्याला चिकटूनही उभं राहायचं नसतं. दहा पावलांवर, पानाच्या टपरीपाशी उभे राहा आणि ऐका. लोक काय बोलतात ते वहीत लिहा. पुढच्या वर्षीची पाटी त्यातूनच निघते. "कोशिंबीर" हा शब्दही आम्हाला भाजीवाल्या मावशींनी दिला. आमच्या मूळ पाटीवर "मोडून खाऊ" होतं.

कोणीतरी चिडून येणारच. "तिकडे सीमेवर पोरं मरतायत आणि तुम्ही इथे गाजरं नाचवताय!" यावर तयार उत्तर ठेवू नका. "बसा काका, पाणी घ्या" म्हणा आणि खरंच ऐका. एका गृहस्थांनी आम्हाला अर्धा तास झापलं आणि जाताना वडापावची रांग सरळ करून गेले. मोबाइलवर चित्रीकरण करत डिवचणारा असेल तर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. कोणा पुढाऱ्याला उद्घाटनाला यायचं असेल, तर या, गाजरावर बसून फोटो काढा, पण स्वतःचा फ्लेक्स नको, एवढी एकच अट. आजवर दोघांनी ती अट ऐकून फोन ठेवला.

पोलीस आले तर वाद नाही. पोच दाखवा, वस्तू उघडून दाखवा. काढा म्हणाले तर काढा, आणि काढतानाही हसून काढा. पोलंडमध्ये १९८० च्या दशकात व्रॉत्सवाफ शहरात लोक कम्युनिस्ट राजवटीची टर उडवायला बुटक्यांच्या लाल टोप्या घालून रस्त्यावर यायचे. पोलीस टोपीवाल्यांना धरून नेताना दिसले की हसू कोणाचं व्हायचं ते सांगायला नको. तिथे आता चौकाचौकांत त्या बुटक्यांचे छोटे पुतळे आहेत आणि पर्यटक ते शोधत हिंडतात.

सातवी पायरी: आवरणं

पाच दिवस पुरे. दहाव्या दिवशी लोकांची नजर मेलेली असते आणि कापड मळलेलं. उतरवायला चढवण्याइतकीच माणसं लागतात, पण येतात निम्मी, म्हणून जेवण ठेवा. बांबू आणि घोडे मंडपवाल्याला परत, कागदाचा सांगाडा रद्दीत, सुतळी सोडवून गुंडाळून ठेवा. जागेचा आधी आणि नंतर फोटो काढून सेक्रेटरींना पाठवा, म्हणजे पुढच्या वर्षी पत्र लवकर मिळतं.

चांगला भाग जपून ठेवायचा मोह होतो. आम्ही गाजराचा शेंडा, गादीचा कापूस भरलेला, जिन्याखाली ठेवला. पावसाळ्यात चाळीतली मांजर त्यात व्याली, चार पिल्लं. तेव्हापासून ती जागा तिची. पुढच्या गाजराला नवा शेंडा करावा लागला: कामट्या सहा, रद्दी दोन किलो, मैदा अर्धा किलो, कापड सव्वा मीटर.